लसीकरणावर कोणता देश किती खर्च करतो? आकडे शेजारी ठेवण्याआधी काय काय तपासायचं

माझी आई जावळी तालुक्यात आरोग्य सेविका होती. बामणोलीहून लाँचमध्ये बसायचं, मांडीवर वॅक्सिन कॅरियर घ्यायचा आणि कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वाडीत दुपारपर्यंत सत्र उरकायचं, हे तिचं अनेक वर्षांचं काम. त्या कॅरियरमधली लस केंद्र सरकारने विकत घेतलेली असायची. आईचा पगार जिल्हा परिषदेमार्फत यायचा. बाळांना बोलावून आणणाऱ्या आशाताईंचा मोबदला आरोग्य अभियानातून मिळायचा. लाँचचं भाडं मात्र कित्येकदा आई पदरचं भरायची, कारण बिल मंजूर होईपर्यंत पुढचे दोन महिने निघून जायचे.

म्हणजे एका डोसामागे चार खिसे. आता मी साताऱ्यात महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी कुणी ना कुणी प्रकल्पासाठी ‘विविध देशांचा लसीकरणावरील सरकारी खर्च’ हा विषय घेऊन येतं आणि सोबत एक तक्ता असतो: डावीकडे देशांची नावं, उजवीकडे डॉलर. गेल्या वर्षी पाटणच्या एका विद्यार्थिनीने आणलेल्या तक्त्यात एका देशाचा फक्त लशींचा खर्च होता, दुसऱ्याचा पगार आणि वाहतुकीसकट, तिसऱ्याचा कोविडच्या वर्षातला. तिने मेहनत खूप केली होती, पण तुलना होतच नव्हती. तिच्याबरोबर बसून तो तक्ता पुन्हा बांधताना ज्या पायऱ्या ठरल्या, त्या इथे लिहीत आहे. प्रकल्प करणारे विद्यार्थी, पत्रकार, ग्रामसभेत आरोग्याचा मुद्दा मांडणारे कार्यकर्ते, सगळ्यांना त्या चालतील.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

‘कोण जास्त खर्च करतं?’ हा प्रश्न अपुरा आहे. तुम्हाला सरकारची इच्छाशक्ती मोजायची आहे, लस स्वस्त मिळते का ते पाहायचं आहे, की एक बाळ पूर्ण संरक्षित करायला किती पैसे लागतात ते काढायचं आहे? या तिन्हींसाठी वेगवेगळे आकडे लागतात. इच्छाशक्तीसाठी स्वतःच्या तिजोरीतला वाटा पाहावा लागतो, स्वस्ताईसाठी डोसाचा दर, आणि तिसऱ्यासाठी एकूण खर्च भागिले लस मिळालेली बाळं. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे शंका आली की तिथेच परत यायचं.

पायरी २ : लशीचा खर्च आणि लस पोचवण्याचा खर्च वेगळे करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘लशींवरचा खर्च’ म्हणजे कुप्या, फार तर सिरिंज. ‘लसीकरणावरचा खर्च’ म्हणजे त्यात आयएलआर (लस थंड ठेवणारे खास फ्रीज) आणि डीप फ्रीझर, वीज, वाहनं, प्रशिक्षण, सर्वेक्षण, सेविकांचा वेळ आणि आशाताईंचा मोबदला हेही आलं. एका देशाच्या पहिल्या आकड्याशी दुसऱ्या देशाचा दुसरा आकडा ताडून पाहिला तर निष्कर्ष हमखास चुकतो.

पोचवण्याचा खर्च किती बदलतो हे बघायला परदेशी जायला नको. मिरजेत दवाखान्यांची दाटी आहे, आई बाळाला रिक्षाने घेऊन येते. तीच लस तापोळ्याकडच्या वाडीत न्यायची तर लाँच, पायवाट आणि पूर्ण दिवस. जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांची अंतरं वेगळी. आणि ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेल्या कुटुंबांची बाळं सांगली-साताऱ्याच्या फडांवर असतात. त्यांचं कार्ड एका जिल्ह्यात आणि डोस दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांना शोधून काढायला माणसं आणि दिवस लागतात, पैसे लागतात. देशाच्या सरासरीत हे सगळं विरघळून जातं.

वाया जाणारे डोसही इथेच धरा. बीसीजीची किंवा गोवर-रुबेलाची कुपी उघडली की चार तासांत वापरावी लागते. दहा डोसांची कुपी उघडली आणि वाडीत तीनच बाळं असली, तर सात डोस टाकून द्यावे लागतात. ते टाकायची तयारी असते म्हणूनच कार्यक्रम नीट चालतो. कुपी वाचवण्यासाठी बाळाला परत पाठवणं हा मोठा तोटा आहे. पण हिशेबात ‘विकत घेतलेले डोस’ आणि ‘दिलेले डोस’ हे दोन स्वतंत्र रकाने हवेत. वस्त्या विखुरलेल्या असलेल्या देशात ही दरी मोठीच राहणार.

पायरी ३ : पैसे नेमके कुणाच्या खिशातून गेले

या पायरीला सर्वाधिक वेळ द्या.

आधी आपल्या देशाचं पाहू. नियमित लसीकरणातल्या लशी केंद्र विकत घेतं आणि राज्यांना वस्तुरूपात देतं. राबवण्याचा मोठा खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो, ज्यात महाराष्ट्रासारख्या राज्याशी केंद्राचं प्रमाण ६०:४० आहे. आरोग्य सेविका, वैद्यकीय अधिकारी, इमारती हा भार मुख्यतः राज्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या हिशेबातून दिसतो. त्यामुळे केंद्राच्या अर्थसंकल्पातली एक ओळ उचलून ‘हा भारताचा खर्च’ म्हणता येत नाही. शिवाय अलीकडे नियमित लसीकरणाची रक्कम अभियानाच्या मोठ्या निधीत इतर कामांबरोबर मिसळलेली असते.

कोविडचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात देते. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात कोविड लसीकरणासाठी ३५,००० कोटी रुपये ठेवले होते. आरोग्य मंत्रालयाच्या अनुदान मागण्या उघडून शोधलं तर ही रक्कम तिथे नाही. ती होती अर्थ मंत्रालयाकडच्या ‘राज्यांना हस्तांतरण’ या मागणीखाली, कारण लस केंद्राने घेऊन राज्यांना अनुदानाच्या रूपात द्यायची अशी रचना होती. केवळ ‘आरोग्य’ हा शब्द शोधणाऱ्याच्या तक्त्यातून ३५,००० कोटी गळून पडतात. तेव्हा रक्कम शोधताना योजनेचं नाव धरा, मंत्रालयाचं नाव धरून थांबू नका.

आता बाहेर या. जर्मनीत शिफारस झालेल्या लशींचे पैसे बहुतांशी वैधानिक आरोग्य विमा निधी देतात. तो निधी कामगार आणि मालकांच्या सक्तीच्या वर्गणीतून उभा राहतो. जर्मन सरकारच्या अर्थसंकल्पात लसीकरण शोधलंत तर आकडा किरकोळ दिसेल आणि ‘जर्मनी लसीकरणावर खर्चच करत नाही’ असं विचित्र विधान हातून होईल. जपानमध्ये नियमित लसीकरण राबवण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आहे. अमेरिकेत तर एकाच वर्गातल्या दोन मुलांचे पैसे दोन ठिकाणांहून येतात: विमा नसलेल्या आणि मेडिकेडखालच्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या) मुलांसाठी १९९४ पासून ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन’ हा संघीय कार्यक्रम लस पुरवतो, तर बाकीच्या बहुतेकांचा खर्च खासगी विमा उचलतो. ब्रिटनमध्ये लशींची खरेदी केंद्रीय पातळीवर होते आणि टोचणाऱ्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला प्रत्येक डोसामागे ठरावीक शुल्क मिळतं. काही वर्षं ते १० पौंड ६ पेन्स होतं. आपल्याकडे आशाताईंना बाळाचं पहिल्या वर्षाचं संपूर्ण लसीकरण पूर्ण करून घेतल्याबद्दल १०० रुपये मिळतात. तिथे एका डोसाला जे मिळतं, त्यापेक्षा इथे वर्षभर घरोघर फिरून मिळणारा मोबदला कमी आहे. ‘भारतात लसीकरण स्वस्त आहे’ हे वाक्य लिहिताना ती स्वस्ताई कुणाच्या श्रमावर उभी आहे, हेही लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून ‘सरकारी’ या शब्दाची व्याख्या आधी ठरवा. केंद्र, राज्य, स्थानिक संस्था आणि सक्तीचा आरोग्य विमा हे सगळं मी सरकारी धरते. खासगी विमा आणि पालकांनी खासगी बालरोगतज्ज्ञाकडे मोजलेले पैसे बाहेर ठेवते. तुम्ही वेगळी व्याख्या करू शकता, पण सर्व देशांना तीच लावा.

उरला परदेशी मदतीचा खिसा. २००० साली स्थापन झालेली गावी ही संस्था गरीब देशांना लशींसाठी मदत करते. देशाचं दरडोई उत्पन्न वाढत जातं तसा त्याला स्वतःचा वाटा वाढवावा लागतो आणि शेवटी मदत थांबते. अगदी खालच्या उत्पन्नगटातला देश डोसामागे २० सेंट इतकाच वाटा देतो, बाकीचे पैसे गावीचे. अशा देशाच्या ‘एकूण खर्चा’च्या रकान्यात सरकार उदार दिसतं आणि ‘सरकारी खर्चा’च्या रकान्यात कंजूस. दोन्ही विशेषणं त्या सरकारवर अन्याय करणारी. श्रीलंकेसारखा मदतीतून बाहेर पडलेला देश आणि अजून मदत घेणारा देश एकाच रांगेत ठेवायचे असतील तर मदतीचा रकाना स्वतंत्र ठेवा. भारतातही पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) आणि नंतर २०१७ मध्ये आलेली न्यूमोकोकल (न्यूमोनियासारख्या आजारांवरची) लस यांच्या सुरुवातीला गावीचा हातभार होता. त्या वर्षांचा भारताचा आकडा घेताना हे विसरू नका. कर्जाचं काय? कर्ज सरकारलाच फेडायचं असतं, म्हणून मी ते सरकारी खर्चात धरते.

पायरी ४ : वर्ष आणि आकड्याचा प्रकार जुळवा

अर्थसंकल्पात एकाच कामाचे तीन आकडे तीन वर्षांत येतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. कोविड लसीकरणाचे ३५,००० कोटी हा अंदाज होता, सुधारित अंदाजात ते ३९,००० कोटी झाले. पुढच्या वर्षासाठीची तरतूद ५,००० कोटी होती. यातला कुठला आकडा उचलता त्यावर तुमचा भारत वर जाईल किंवा खाली. शक्यतो प्रत्यक्ष खर्चच घ्या. त्यासाठी दोन वर्षं मागे जावं लागलं तरी जा.

आर्थिक वर्षंही सारखी नसतात. आपलं एप्रिल ते मार्च, बांगलादेश आणि पाकिस्तानचं जुलै ते जून, अमेरिकेचं ऑक्टोबर ते सप्टेंबर, श्रीलंकेचं जानेवारी ते डिसेंबर. नेपाळचं श्रावणापासून, म्हणजे जुलैच्या मध्यापासून. एका वर्षाच्या तुलनेत हे चार-सहा महिन्यांचं अंतर खपून जातं, पण मोठी मोहीम नेमकी त्या महिन्यांत झाली असेल तर खपत नाही. यावर तोडगा साधा आहे. सलग तीन वर्षांची सरासरी घ्या. लशींची खरेदी एका वर्षी दुप्पट आणि दुसऱ्या वर्षी निम्मी होणं नेहमीचं आहे, कारण साठा पुढे चालतो. २०२०, २०२१ आणि २०२२ ही वर्षं मात्र नियमित लसीकरणाच्या तुलनेत न घेतलेलीच बरी.

पायरी ५ : आकडे कुठे शोधायचे

सुरुवात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी देशांकडून भरून घेतात त्या संयुक्त अहवाल नमुन्यापासून करा. त्यात लशींवरचा एकूण खर्च, त्यातला सरकारी, नियमित लसीकरणावरचा एकूण खर्च आणि त्यातला सरकारी, असे आकडे वेगळे असतात. पायरी २ आणि ३ मधलं काम तिथे अर्धं झालेलं मिळतं. पण हा नमुना प्रत्येक देश स्वतः भरतो. काही वर्षं कोरी असतात, काही ठिकाणी एका वर्षात आकडा अचानक दहापट झालेला दिसतो. अशी उडी दिसली की आधी चलनाची किंवा शून्याची चूक तर नाही ना ते पाहा, मगच धोरण बदलल्याचा निष्कर्ष काढा.

दुसरा मार्ग राष्ट्रीय आरोग्य लेखा, म्हणजे देशाच्या सगळ्या आरोग्य खर्चाचा हिशेब. बरेच देश २०११ च्या आंतरराष्ट्रीय चौकटीप्रमाणे ते तयार करतात, आणि त्यात प्रतिबंधात्मक सेवेखाली लसीकरण कार्यक्रमांना एचसी ६.२ हा संकेतांक आहे. केंद्र, राज्य, विमा, परदेशी मदत हे स्रोतही तिथे वेगळे मिळतात. जर्मनीसारख्या देशासाठी हाच मार्ग योग्य. तिसरा मार्ग म्हणजे देशाचे मूळ अर्थसंकल्प. कष्टाचा, पण शंका मिटवणारा.

दर पाहायचे असतील तर युनिसेफचे खरेदी दर आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची दरसूची दोन्ही उघड आहेत. न्यूमोकोकल लस पाहा. गावीच्या देशांसाठीच्या विशेष करारात डोसाला कमाल ३ डॉलर ५० सेंट ही मर्यादा होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये त्याहूनही खाली, २ डॉलरचा दर दिला. अमेरिकेत त्याच रोगावरच्या लशीचा सरकारी करारातला दरही शंभर डॉलरच्या वर. त्यामुळे अमेरिकेचा खर्च पन्नासपट दिसला तर मुलांचं संरक्षण पन्नासपट होतं असं नाही. देशांची वेळापत्रकंही वेगळी: बीसीजी आपण जन्मताच देतो, अमेरिका सरसकट देत नाही. मेनबी ही मेंदूज्वराच्या एका प्रकारावरची लस ब्रिटनने २०१५ मध्ये बाळांच्या नियमित कार्यक्रमात घेतली, आपल्याकडे ती त्यात नाही. प्रत्येक देशापुढे किती रोगांवरच्या लशी दिल्या जातात तो आकडा लिहून ठेवा.

पायरी ६ : चलन

मिलियन म्हणजे १० लाख आणि बिलियन म्हणजे १०० कोटी, हे तक्त्याच्या वर लिहूनच काम सुरू करा. माझ्या विद्यार्थ्यांच्या बऱ्याच चुका इथल्याही असतात.

मग प्रश्न येतो बाजारातला विनिमय दर वापरायचा की क्रयशक्ती समानतेचा, म्हणजे तेवढ्याच पैशांत त्या देशात किती वस्तू-सेवा मिळतात त्यावरून काढलेला. पुस्तकं बहुधा एकच निवडायला सांगतात. लसीकरणात मात्र मला दोन्ही लागतात. लस ही आंतरराष्ट्रीय बाजारातली वस्तू आहे, तिच्या खर्चाला बाजारातला दर योग्य. सेविकेचा पगार, बर्फ, लाँचचं भाडं हे सगळं स्थानिक, त्याला क्रयशक्तीचा दर योग्य. पायरी २ मध्ये दोन्ही खर्च वेगळे केले असतील तर हे सहज जमतं. जुनी आणि नवी वर्षं एकत्र ठेवत असाल तर महागाई काढून सगळं एका वर्षाच्या किमतीत आणा.

पायरी ७ : कशाने भागायचं

लोकसंख्येने भागू नका. जपान म्हाताऱ्यांचा देश, नायजेरिया लेकरांचा. बालकांच्या लसीकरणासाठी भाजक हवा तो पहिल्या वाढदिवसापर्यंत हयात राहिलेल्या बाळांचा. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या अंदाजांतून तो मिळतो. भारतात दरवर्षी साधारण २.६ कोटी बाळं नियमित लसीकरणाच्या कार्यक्रमात येतात.

सरावासाठी मी बनवलेले आकडे घ्या. देश ‘क’ मध्ये १० लाख बाळं, लसीकरणावर एकूण खर्च ५०० कोटी रुपये, त्यातले १५० कोटी परदेशी मदतीचे. देश ‘ख’ मध्ये ३० लाख बाळं, खर्च ९०० कोटी, सगळा स्वतःचा. एकूण खर्चात ‘ख’ पुढे. प्रत्येक बाळामागे एकूण खर्च काढला तर ‘क’ पुढे: ५,००० विरुद्ध ३,०००. मदत वगळली तरी ‘क’ पुढे, पण अंतर आटलं: ३,५०० विरुद्ध ३,०००. आता ‘क’ मध्ये ७० टक्के आणि ‘ख’ मध्ये ९० टक्के बाळांनाच सगळे डोस पोचले असं धरा. लस पूर्ण मिळालेल्या बाळामागे एकूण खर्च ‘क’ मध्ये सुमारे ७,१४३ रुपये आणि ‘ख’ मध्ये ३,३३३.

आता घाईने ‘क’ ला उधळ्या ठरवू नका. त्याचा नकाशा उघडा. तो डोंगराळ असेल, त्याच्या वेळापत्रकात चार लशी जास्त असतील, किंवा त्याच वर्षी त्याने फ्रीझर घेतले असतील जे दहा वर्षं चालतील. फ्रीझर, वाहनं, इमारती असा भांडवली खर्च त्यांच्या आयुष्यावर वाटून घ्यावा, एका वर्षावर लादू नये.

पायरी ८ : शेजारी व्याप्ती ठेवा, आणि तीही तपासून

खर्चाच्या शेजारी किती बाळांना लस मिळाली तो रकाना नसेल तर तक्ता मुका राहतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचे व्याप्तीचे अंदाज दरवर्षी जुलैमध्ये येतात. धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याच्या तिसऱ्या डोसाचं प्रमाण हा त्यातला सर्वांत वापरला जाणारा निर्देशांक. हे अंदाज मागच्या वर्षांसाठीही सुधारले जातात, म्हणून कोणत्या वर्षीचं प्रकाशन वापरलं ते लिहा. घरोघरच्या पाहणीतला आकडा वेगळा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिन्यांच्या बाळांचं संपूर्ण लसीकरण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ७६.४ टक्के आढळलं. ‘तिसरा डोस’ आणि ‘संपूर्ण लसीकरण’ या निराळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

एकही डोस न मिळालेली बाळं किती, हेही बघा. २०२३ साठीच्या पहिल्या अंदाजात भारतात ती सुमारे १६ लाख होती. पुढचा खर्च जायचा तो त्यांच्यापर्यंत, आणि त्यांच्यापर्यंत पोचणं आधीच्या बाळांपेक्षा महागच पडतं. नव्वदीच्या पुढची प्रत्येक टक्केवारी खर्चिक असते. तिथे बाळामागचा खर्च वाढला तर ते चांगल्या कामाचं लक्षण असू शकतं.

पायरी ९ : तळटीप

तक्ता झाला की त्याखाली टीप लिहा आणि ज्याने तो बांधला नाही अशा कुणाला तरी ती वाचून एक ओळ पुन्हा काढायला सांगा. आकडा जुळला तर टीप पुरेशी आहे. पाटणच्या त्या विद्यार्थिनीने शेवटी लिहिलेली टीप मी तिच्या परवानगीने वर्गात लावली आहे:

‘रकमा तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी प्रत्यक्ष खर्चाच्या, कोविडची वर्षं वगळून. सरकारी म्हणजे केंद्र, राज्य, स्थानिक संस्था व सक्तीचा विमा. परदेशी मदत वेगळ्या रकान्यात. लशी बाजारातील विनिमय दराने, राबवण्याचा खर्च क्रयशक्ती समानतेने. भांडवली खर्च दहा वर्षांवर वाटलेला. भाजक हयात बालकांचा. आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून केलेला प्रवासखर्च कोणत्याही देशाच्या आकड्यात धरलेला नाही, कारण तो कुठेही नोंदला जात नाही.’